हार्मोनमुळे कॅन्सर होतो म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

संत्रानगरी_आरोग्य
नागपूरच्या वस्त्यांमध्ये स्तनांच्या तपासणीबद्दल बोलणाऱ्या आशाताईंसाठी दोन पानी माहिती तयार करते आहे. बायकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्याच आंगातलं हार्मोन आमालेच कॅन्सर काहून करते?" मग पाळणा लांबवायच्या गोळ्या, मग सोयाबीन. आणि रिपोर्टवर 'ईआर पॉझिटिव्ह' दिसलं की घरचे हादरतात, पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच असं धरून चालतात. सोपं पण चूक नसलेलं उत्तर हवं आहे.

पेशी_आणि_पाळी
ताई, सुरुवात इस्ट्रोजेन या बीजांडकोशातल्या हार्मोनच्या रोजच्या कामापासून करा. दर पाळीच्या चक्रात ते स्तनातल्या दूधनलिकांच्या पेशींना वाढायला सांगतं. पेशीत शिरतं, तिथल्या इस्ट्रोजेन रिसेप्टरला (ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन झेलणारं प्रथिन) चिकटतं, आणि ही जोडी डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसते. सायक्लिन डी१ सारखी जनुकं चालू होतात आणि पेशी विभागते. प्रत्येक विभाजनात सगळा डीएनए नव्याने उतरवला जातो, उतरवताना चुका होतात. बहुतेक दुरुस्त होतात, काही राहून जातात. विभाजनं जितकी जास्त, तितक्या राहिलेल्या चुका जास्त. शिवाय इस्ट्रोजेन मोडताना बनणारे काही पदार्थ थेट डीएनएला चिकटून त्याची मोडतोड करतात, पण समजावताना भर विभाजनावरच ठेवा.

वस्तीत सांगायला शेताचं उदाहरण चालेल. खत टाकलं की पिकाबरोबर तणही जोमात येतं. चूक झालेली पेशी त्याच इस्ट्रोजेनवर पोसली जाते.

म्हणूनच आयुष्यात पाळीची वर्षं किती, याला महत्त्व आहे. पाळी एक वर्ष लवकर आली तर स्तनाच्या कॅन्सरचा धोका साधारण ५ टक्क्यांनी वाढतो, एक वर्ष उशिरा गेली तर जवळपास ३ टक्क्यांनी. प्रत्येक बाळंतपणामागे तो ७ टक्क्यांनी घटतो आणि एकूण १२ महिने अंगावर पाजलं तर आणखी ४.३ टक्क्यांनी. हे आकडे मूळ धोक्याच्या तुलनेतले आहेत, शंभर बायकांतल्या पाच नव्हेत. पानावर हे वाक्य ठळक छापा, नाहीतर मुलीला दहाव्या वर्षी पाळी आली म्हणून आई उगाच झोप गमावेल.

पाळी गेल्यावर बीजांडकोश थांबतात, पण चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम अ‍ॅड्रिनल ग्रंथीच्या हार्मोनपासून इस्ट्रोजेन बनवत राहतं. पन्नाशीनंतर पोटावर चढलेलं वजन इथे नडतं, आणि स्तनापेक्षाही गर्भाशयाच्या अस्तराला जास्त. अस्तर इस्ट्रोजेनने जाड होतं, प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन त्याला लगाम घालतं. पीसीओएसमध्ये (बीजांडकोशांच्या हार्मोनचा बिघाड) बीज सुटत नाही, प्रोजेस्टेरॉन बनत नाही, अस्तर महिनोनमहिने वाढतच राहतं. तीन महिन्यांवर पाळी लांबली तर "आपोआप येईल" म्हणून बसू नये, डॉक्टर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देऊन अस्तर पाडतात. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर दिसलेला रक्ताचा एक डागही तपासलाच पाहिजे.

स्लाइड_व_ब्लॉक
ईआरबद्दल लिहितो. पॉझिटिव्ह म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेनचा रिसेप्टर सापडला, म्हणजे इस्ट्रोजेन रोखणारी औषधं लागू पडण्याची शक्यता. १८९६ मध्ये ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी बीजांडकोश काढून पसरलेला स्तनाचा कॅन्सर आटोक्यात येऊ शकतो हे दाखवलं, तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही नव्हतं. आजच्या गोळ्या त्याच मार्गावरच्या आहेत. पुरुषांत १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी वृषण काढून प्रोस्टेटचा कॅन्सर ओसरतो हे सिद्ध केलं; १९६६ चं नोबेल त्यासाठीच.

लॅबमध्ये रिसेप्टरला रंग लावून पाहतात; किमान १ टक्का पेशींचं केंद्रक रंगलं तर पॉझिटिव्ह. १ ते १० टक्के म्हणजे 'लो पॉझिटिव्ह', तिथे उपचाराचा निर्णय जपून होतो. काही लॅब ८ पैकी ऑलरेड स्कोअर देतात, त्यात ३ पासून पुढे पॉझिटिव्ह.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येण्याचं मोठं कारण मशीन नसतं, बरणी असते. गोंदिया-गडचिरोलीहून नागपूरला ऑपरेशनने काढलेला आख्खा स्तन न चिरता छोट्या बरणीत कोंबून येतो, कधी नुसत्या सलाइनमध्ये. सुरी घातली की दिसतं: कडेने टणक आणि करडं, आत मात्र गुलाबी, मऊ, कुजायला लागलेलं. फॉर्मेलिन (तुकडा कुजू न देणारं द्रव) आतपर्यंत पोचलेलंच नसतं. गाठ असते नेमकी आत, आणि तिथला रिसेप्टर मेलेला. मग बाईला 'निगेटिव्ह' म्हणून इस्ट्रोजेन रोखणारी पाच वर्षांची गोळी मिळतच नाही.

बरोबर पद्धत अशी: काढल्यापासून तासाभरात फॉर्मेलिनमध्ये. त्याआधी दर ५ मिलिमीटरवर चिरा, मध्ये गॉजच्या पट्ट्या. फॉर्मेलिन १० टक्के, न्यूट्रल बफर्ड, तुकड्याच्या दहापट. बफर नसलेलं आम्ल होत जातं आणि रंग बिघडवतं. वेळ किमान ६ तास, जास्तीत जास्त ७२. शनिवारी ऑपरेशन झालं तर सोमवारची वाट न पाहता त्याच दिवशी चिरा द्या. गाठीशेजारच्या निरोगी नलिका रंगल्या नसतील तर तो निगेटिव्ह धरू नका, दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेला तुकडा) किंवा आधीच्या कोअर बायोप्सीवर (जाड सुईने काढलेला तुकडा) तपासणी परत करा. कोअरचा तुकडा बारीक, त्यात फॉर्मेलिन पटकन मुरतं. नातेवाइकांनी ब्लॉक आणि स्लाइड मागून जपून ठेवाव्यात.

औषधाचं_पान
आता पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं. माला-एन मध्ये इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) दोन्ही आहेत. चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, बंद केल्यावर दहा वर्षांत ओसरतो. बीजांडकोश आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा मात्र कमी होतो. 'छाया' मध्ये इस्ट्रोजेन नाहीच, ते लखनौच्या संस्थेत शोधलेलं सेंटक्रोमॅन आहे. पाळी गेल्यावरच्या दुहेरी हार्मोन गोळ्यांवरचा अमेरिकेतला मोठा प्रयोग २००२ मध्ये मधेच थांबवला: दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या आठ जादा केसेस. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन देत नाहीत, अस्तरामुळे.

ईआर पॉझिटिव्हची गोळी टॅमॉक्सिफेन: रोज २० मिलिग्रॅम, ५ वर्षं, काहींना १०. स्तनात ते रिसेप्टर अडवतं, गर्भाशयात उलट चालना देतं, म्हणून रक्तस्राव दिसला की लगेच दाखवायचं. फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या सोबत नको. यकृतात टॅमॉक्सिफेनचं कामाचं रूप बनवणारं एन्झाइम ती दोन्ही अडवतात. नागपूरच्या मे महिन्यात टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा आल्या की बायका उन्हावर ढकलतात आणि काही जणी गुपचूप गोळी सोडतात. गोळी न सोडता डॉक्टरांना सांगा, वाफांवर वेगळं औषध मिळतं.

सोयाबीन: त्यातले आयसोफ्लेव्होन इस्ट्रोजेनसारखे दिसतात, पण फार दुबळे. जेवणातल्या सोयाने स्तनाचा कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही. सोयावडी खुशाल खा. आयसोफ्लेव्होनच्या कॅप्सूल मात्र नको.

संत्रानगरी_आरोग्य
खूप मदत झाली. एकच शंका. ४४ वर्षांची बाई, केमोनंतर सात महिने पाळी नाही. तिला "पाळी गेली" म्हणून लेट्रोझोल (अरोमाटेज अडवणारी गोळी) चालेल का?

औषधाचं_पान
तेवढ्यावर नाही. केमोने पाळी थांबणं आणि पाळी जाणं वेगळं, या वयात बीजांडकोश परत जागे होतात. लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम चरबीतलं इस्ट्रोजेन थांबवतं. ते घटलं की मेंदू एफएसएच (बीजांडकोशांना कामाला लावणारं हार्मोन) वाढवून बीजांडकोशांना अजून डिवचतो. रक्तातलं इस्ट्राडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि एफएसएच एकापेक्षा जास्त वेळा तपासायचं. लेट्रोझोल द्यायचंच असेल तर दर २८ दिवसांनी बीजांडकोश शांत ठेवणारं गोसेरेलिन ३.६ मिलिग्रॅमचं इंजेक्शन सोबत, आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी. ते जमत नसेल तर टॅमॉक्सिफेन. दोन्ही वेळी गर्भ राहू शकतो असंच धरून चाला: कॉपर-टी किंवा निरोध, माला-एन नाही.