नियोजन कुणाच्या हातात?

भाऊ, "नियोजन म्हणजे पुन्हा सोव्हिएत रशिया, त्यापेक्षा बाजार बरा" असं तुम्ही वर म्हणताय. रशियापर्यंत कशाला जायचं? आपल्या खान्देशानं कापूस एकाधिकार योजना पाहिलीय की! १९७२ पासून कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा. शेजारी भाव चढला की गाड्या रातोरात गुजरात नाहीतर मध्य प्रदेशात. पण भाव, प्रतवारी, चुकारे, यातलं पिकवणाऱ्याच्या हाती काय होतं? ते सरकारीकरण होतं; लोकशाही नियोजन, म्हणजे लोकांनीच मिळून ठरवणं, नव्हे.

आणि बाजार तरी कुठे मोकळा? रावेर-यावलची केळी कापणीला आली की थांबत नाही. बोर्डावर जाहीर भाव एक, बांधावर व्यापारी देणार दुसरा. परवडत नसेल तर घड झाडावरच पिकू द्या!

लोकशाही नियोजनाचा प्रयोग पाहायचा तर केरळात बघा: १९९६ पासून राज्याच्या योजना निधीचा ३५-४० टक्के वाटा स्थानिक संस्थांकडे गेला, ग्रामसभांत कामं ठरू लागली. तिथंही कुरबुरी झाल्याच. आपल्याकडे घटनेच्या २४३-झेडडी कलमानुसार जिल्हा नियोजन समितीचे किमान चार पंचमांश सदस्य पंचायती-पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यायला हवेत. पण केळीच्या शीतगृहाची मागणी ग्रामसभेतून निघून त्या समितीत ठरली, असं मी तरी ऐकलेलं नाही.