कोअर जास्त म्हणजे ताप जास्तच?

या चर्चेत कुणी म्हटलंय, जास्त कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) म्हणजे प्रोसेसर तापणारच, म्हणून कमी कोअरचा घ्या. मला हे पटत नाही. उष्णता मुख्यतः वारंवारतेच्या (म्हणजे प्रोसेसरच्या वेगाच्या) प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के उतरवलं, तरी या हिशेबाने १९ टक्के उष्णता घटते! वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं, म्हणूनच तर २००५च्या सुमारास एकाच कोअरचा वेग वाढवत नेणं सोडून कंपन्या दोन कोअरकडे वळल्या.

खरी अडचण आपल्या हवेची. घणसोलीत माझ्या खोलीत मे महिन्यात दुपारी ३५ अंश असतात. प्रोसेसरवरचा पंख्याचा कूलर कितीही भारी घेतला तरी चिपचं तापमान त्या ३५ अंशांखाली उतरणार नाही. त्यात हीटसिंकच्या (चिपची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांत धूळ. आधी ती ब्रशने काढा, चिप आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला, मग बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) प्रोसेसरची वीजमर्यादा थोडी खाली आणा. माझा आठ कोअरचा पीसी असाच चालतोय.