पोतराज, शमन आणि अद्वैत: सगळं एकच कसं?

बाळीवेसकर
काल इथे कुणीतरी लिहिलं की पोतराज, सायबेरियातला शमन (आत्म्यांशी बोलून रोग काढणारा मांत्रिक), पेरूचा आयावास्कावाला (भास घडवणारा काढा पाजणारा) आणि ज्ञानेश्वर, सगळे अद्वैतच सांगतात. खाली नुसती वाहवा. म्हणून सविस्तर उत्तर देतो.

शमनाचं काम दुसऱ्या कुणावर तरी चालतं. रोग्याचा आत्मा कुणीतरी नेलेला असतो. शमन ढोल विस्तवावर शेकतो, कारण ओलीनं कातडं सैल पडलं की आवाज बसतो. मग तो वरच्या नाहीतर खालच्या लोकात जातो, तिथल्यांशी देणंघेणं ठरवतो, आत्मा परत आणतो. दुसरा नसेल तर देणंघेणं कुणाशी? आपल्या गोंधळातही चौक, कलश, उसाचा मांडव, दिवटी झाली की तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी असं गावाचं नाव घेऊन एकेका देवाला बोलावतात. ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवात यायला-जायला कुणी उरतच नाही.

होटगी रोड
अर्धंच सांगितलंत. तिबेटच्या बोन परंपरेत नऊ यानं, म्हणजे साधनेच्या नऊ वाटा आहेत. पहिल्यात शकुन, ज्योतिष आणि रोग काढायचे विधी, नवव्यात झोगचेन, म्हणजे पक्कं अद्वैत. दोन्ही एकाच परंपरेत.

इतकं लांब कशाला? सिद्धरामांनी सोन्नलगीत, म्हणजे आपल्या सोलापुरात, ६८ लिंगं स्थापली, तळं खोदायला घेतलं. शरणांच्या, म्हणजे बसवेश्वरांच्या काळच्या शिवभक्तांच्या, कथेत तिथेच अद्वैत सांगणारे अल्लमप्रभू येऊन या बाहेरच्या कामांवर वाद घालतात आणि सिद्धराम कल्याणला (आजचं बसवकल्याण) जातात. त्याच सिद्धरामांच्या गड्ड्याच्या यात्रेत होमानंतर भाकणूक होते. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्यं, फळं ठेवतात. त्यानं शेण-मूत्र टाकलं तर पाऊस चांगला, बिथरलं तर वर्ष वाईट. एकाच गावाला दोन्ही पचलंय की ओ.

बाळीवेसकर
बोनचं मान्य करतो. पण मधे सात यानं का ठेवली? पहिलं आणि नववं एकच असतं तर नऊ लागलीच नसती. आणि अल्लम तळ्यावर वाद घालतात, शाबासकी देत नाहीत.

उत्तर कसबा
तुमचं अद्वैत राहू द्या. पोतराजाचं नाव घ्यायला काय जातं? नवसात सोडलेला पोरगा, बहुतेक मातंग समाजातला. केस कापायचे नाहीत, कमरेला चिंध्यांचा घागरा, पायात घुंगरू, हातात कोरडा, म्हणजे चाबूक. कोरडा बुडाशी जाड, टोकाला निमुळता, म्हणून झटक्यासरशी टोक कडाडतं. लोक तो आवाज ऐकून हात जोडतात, अंगावरचे वळ बघत नाहीत. बायको डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेऊन दारोदार. आंबेडकरी चळवळीनं पोतराजांचे केस उतरवले ते काय ज्ञान बुडवायला?

होटगी रोड
शोषण कुणी नाकारलं? पण अंगात देवी घेणं, उतारा, साथीत गावाची वेस बांधणं हे त्यांनीच जपलं. ते ज्ञान नाही म्हणणं हाही अपमानच.

उत्तर कसबा
काय बोलायलात? पटकीला मरीआईचा कोप म्हणायचे आणि पाणी तसंच प्यायचे! २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाचा. अंगात शक्ती संचारल्याचं भासवून भीती घालणं अनुसूचीत आहे. तुमच्या घरातलं पोर सोडा देवीला, मग जपा ज्ञान.

होटगी रोड
घरातल्या पोरापर्यंत जायची गरज नव्हती. नवसात पोरं सोडणं बंदच व्हावं, त्यात वाद नाही. सगळी परंपरा त्याच्याबरोबर गाडायची, याला माझा विरोध आहे.

कुंभार वेस
मूळ मुद्द्यावर येतो. मेक्सिकोतल्या ओआहाकात वैदू मारिया साबिना रात्रीच्या विधीत भास घडवणारे मशरूम जोडीजोडीनं देत, ते आजाराचं कारण शोधायला. १९५५ मध्ये मशरूमचे अमेरिकी अभ्यासक वॉसन येऊन गेले, १९५७ मध्ये अमेरिकी मासिकात लेख आला आणि देव शोधणाऱ्यांची रांग लागली. पूर्वी देव शोधायला कुणी मशरूम खात नव्हतं, हे मारिया साबिनांनीच सांगितलंय. पुढे त्यांचं घर जाळलं गेलं. अद्वैत बाहेरच्यांनी चिकटवलं.

आयावास्काचंही लिहून ठेवतो, कारण शिबिरांच्या जाहिराती फिरतायत. या काढ्यात पडणाऱ्या चाक्रुना झुडपाच्या पानांतलं डीएमटी (भास घडवणारं द्रव्य) नुसतं प्यालं तर आतड्यातलं एन्झाइम ते फोडून टाकतं. आयावास्काच्या वेलीतलं हार्मिन हे द्रव्य त्या एन्झाइमला अडवतं, म्हणून दोन्ही तासन्‌तास एकत्र उकळतात. त्याच कारणानं नैराश्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यानं ते घेतलं तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन चढून जीव जाऊ शकतो. पेरूतल्या शिपिबो जमातीचे वैद्य आधी मीठ, साखर, डुकराचं मांस बंद करायला लावतात. शिबिरवाले चालू गोळ्या तरी विचारतात का?

बाळीवेसकर
माझं म्हणणं हेच होतं. पोतराजावर वेगळा धागा काढा.

उत्तर कसबा
नाही काढणार. नाव तुमच्याच पोस्टीत आलंय, उत्तरही इथेच द्या.