सिरॉसिस नाही म्हणून निर्धास्त राहू नका

एकांनी लिहिलंय की फॅटी लिव्हर (यकृतात चरबी साचणं) असेल तर सिरॉसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणं) होईपर्यंत कॅन्सरची काळजी नको. हे पटत नाही. फॅटी लिव्हरमध्ये सिरॉसिसशिवायही यकृताचा कॅन्सर होऊ शकतो. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की चरबीतली मेदाम्लं यकृतात येत राहतात. त्यामुळे यकृताच्या पेशी मरतात, नव्या घाईघाईने बनतात आणि डीएनएमध्ये चुका साचतात. त्यात पहारेकरीच, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, बिघडतात. उंदरांवरच्या २०१६ च्या अभ्यासात लिनोलेइक आम्ल या मेदाम्लामुळे त्यांच्यापैकी सीडी४ टी-पेशी मरताना दिसल्या. २०२१ मध्ये तर कळलं की सीडी८ या दुसऱ्या टी-पेशी कॅन्सरची गाठ रोखायचं सोडून यकृतालाच इजा करतात! मधुमेह असेल तर नुसत्या सोनोग्राफीवर थांबू नका. वय, एएसटी व एएलटी (रक्तातली यकृताची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट्सवरून फायब्रोसिसचा (यकृतावर व्रण पडण्याचा) अंदाज देणारा फिब-४ हा आकडा डॉक्टरांकडून काढून घ्या.