उत्तर: हॉब्स केसलर कॉलेज क्रॉस कंट्री जिंकेल का?

वर कोणीतरी म्हणालंय की हा अमेरिकन धावपटू हॉब्स केसलर प्रो आहे, पॅरिस ऑलिम्पिकला 1500 मीटरमध्ये 3:29 पळून पाचवा आला, म्हणजे एनसीएएची (अमेरिकन कॉलेजांच्या खेळांची संघटना) क्रॉस कंट्री झोपेत जिंकेल. मला अजिबात नाही पटत. अहो ती रेस 10 किमीची, गवतावर, चढउतार, आणि सुरुवातीलाच अडीचशे पोरं एकदम सुटतात, पहिल्या किलोमीटरला मागे अडकलात की पुढे यायलाच दम निघतो. 800-1500 वाल्याचा शेवटच्या 300 मीटरचा किक (जोरदार वेग) मस्तच, पण तिथपर्यंत तो लीड पॅकमध्ये, म्हणजे पुढच्या घोळक्यात, टिकायला तर पाहिजे ना!

कोल हॉकरचंच बघा, तोही 1500 वालाच, मार्च 2021 मध्ये एनसीएएच्या इनडोअर स्पर्धेत माइल आणि 3000 मीटर दोन्ही जिंकला, लगेच दोन दिवसांनी स्टिलवॉटर गावात एनसीएएची क्रॉस कंट्री पळाला, तिथे जिंकला कॉनर मँट्झ. पाय थकलेले होते हे मान्य, पण मँट्झ पुढे मॅरेथॉनवाला झाला, यातच काय ते आलं. ग्रॅहम ब्लँक्स 2023 आणि 2024 ला हीच क्रॉस कंट्री जिंकला तो पण 5000 मीटरवाला, पॅरिसला त्याच्या फायनलमध्ये नववा.

केसलरने पूर्ण सीझन मायलेज (आठवड्याला पळायचं अंतर) वाढवून फक्त याचीच तयारी केली तर पहिल्या दहात बघायला मला जाम आवडेल. अर्थात प्रो झाल्यामुळे त्याला या कॉलेज स्पर्धेत उतरता येणारच नाही.