मदत हवी आहे: सासऱ्यांचं पिस्तूल आणि घरात ७ वर्षांचा मुलगा

नमस्कार, जरा लांबलंय पण प्लीज पूर्ण वाचा. दोन महिन्यांपासून आम्ही सासूसासऱ्यांकडे राहतोय. सासऱ्यांकडे पिस्तूल आहे, लायसन्स वगैरे सगळं रीतसर. त्यांच्या खोलीतल्या कपाटात वरच्या खणात असतं, कपाटाला कुलूप असतं, त्यामुळे मी कधी फार विचारच केला नाही.

परवा मुलगा चित्र रंगवता रंगवता म्हणाला, आज आजोबांनी कपाट उघडलं होतं. मी म्हटलं तुला कसं कळलं? तर म्हणे चावी घड्याळामागे असते ना, ती काढली की घड्याळ तिरकं होतं. जाऊन बघते तर घड्याळ खरंच तिरकं, आणि बरोब्बर त्याच्या खाली खुर्ची. हातपाय गार पडले माझे. ही जागा त्याला कोणीच दाखवली नव्हती, नुसतं बघून बघून त्याने ओळखलं.

रात्री बाबांशी बोलले. ते ओरडले नाहीत पण दुखावले गेले. "माझी पोरं याच घरात वाढली, कधी काही झालं का? आणि मॅगझिन मी काढूनच ठेवतो." पण मॅगझिन (गोळ्या भरायची पेटी) काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला, चढलेली गोळी आतच राहते ना, आणि ते मॅगझिनही त्याच खणात, शेजारीच. हे मी बोलले तर म्हणाले पोराला नीट सांगून ठेव, तो हात लावणार नाही.

सांगितलंय मी त्याला, दिसलं तर थांब, हात लावू नको, तिथून निघ, मोठ्या माणसाला सांग. पाठ आहे त्याला. पण त्यावर विसंबायची हिंमत होत नाही. अमेरिकेत २००१ साली छापून आलेला एक अभ्यास वाचला, ८ ते १२ वर्षांचे ६४ मुलगे, खोलीतल्या ड्रॉवरमध्ये खरं पण न उडणारं पिस्तूल लपवलेलं. ४८ जणांना ते सापडलं, ३० जणांनी हाताळलं, १६ जणांनी चाप ओढला. आणि हात लावणाऱ्या बहुतेकांना आधी कधी ना कधी समजावलेलं होतं! सापडलेल्यांपैकी निम्म्यांना तर ते खेळण्यातलं वाटलं किंवा खरं की खोटं ते कळलंच नाही.

तिथले बालरोगतज्ज्ञ सांगतात की शस्त्र रिकामं करून कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. मला नेमकं तेच हवंय. नंबरचं कुलूप असलेली छोटी तिजोरी कोणी वापरता का? बोटाच्या ठशाची कितपत भरवशाची? नळीतून किंवा मॅगझिनच्या जागेतून जाणारं केबलचं कुलूप असतं, ते बाबांच्या वयाच्या माणसाला रोज घालता-काढता येईल का? (नुसतं चापाचं कुलूप भरलेल्या शस्त्राला लावायचं नसतं, एवढं कळलंय.)

दुसरं, दीर म्हणतात एकदा मुलाला दाखवून टाका म्हणजे कुतूहल संपेल. मला हे अजिबात पटत नाहीये, पण कोणी केलं असेल तर मूल नंतर कसं वागलं ते सांगा.

आणि बाबांना कसं सांगू? त्यांच्यावर माझा अविश्वास नाहीये, खरंच नाहीये, पण चावी अजून घड्याळामागेच आहे आणि शनिवारी मुलाचे चार मित्र खेळायला येणारेत. तोपर्यंत काय करता येईल ते तरी सांगा.