‘दंडयुक्त’ की ‘भुजायुक्त’?

दादर:
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एनजीसी १३६५ या दीर्घिकेचा (गॅलेक्सी, ताऱ्यांचा प्रचंड समूह) मराठी फलक करतेय. अश्मंत तारकासमूहातली, सुमारे ६ कोटी प्रकाशवर्षांवरची. मधोमध ताऱ्यांचा सरळ पट्टा आणि त्याच्या दोन टोकांतून निघून वळलेल्या दोन भुजा. या प्रकाराला मी ‘दंडयुक्त सर्पिल’ही वाचलंय आणि ‘भुजायुक्त सर्पिल’ही. सातवीतल्या मुलांना दंड म्हणजे टीसी घेतो तोच माहीत. काय लिहू?

मुलुंड:
ताई, ‘भुजायुक्त’ नकोच. भुजा सगळ्याच सर्पिल दीर्घिकांना असतात. खगोलशास्त्रज्ञ हबलने दीर्घिकांच्या १९२६ च्या वर्गीकरणात हा गट वेगळा काढला तो मधल्या पट्ट्यामुळे, आणि नेमका तोच या शब्दात हरवतो. माझा अंदाज, घोटाळा ‘दंड’मुळेच झाला असेल. आपण दंडाला ताईत बांधतो ना? मग दंड म्हणजे हात, हात म्हणजे भुजा!

दादर:
पटलं. आणि ‘सर्पिल’ऐवजी ‘मळसूत्री’ चालेल?

गिरगाव:
नाही चालणार. मळसूत्र स्क्रूसारखं फिरत वर चढतं. दीर्घिकेची तबकडी सपाट, चकलीसारखी. ‘सर्पिल’च ठेवा.

दंडाला मात्र मी ‘दांडी’ म्हणेन, तराजूची. मधोमध धरलेली, दोन्ही टोकांना पारडी, इथे पारड्यांच्या जागी भुजा. मुलांना लगेच दिसेल. फक्त एक ओळ जरूर घाला: ही दांडी लाकडासारखी अखंड नाही. तिच्यातला प्रत्येक तारा आपल्या लांबट वाटेने फिरत असतो, आणि तिच्यामुळे वायू केंद्राकडे ओढला जाऊन तिथे नवे तारे जन्मतात.

मुलुंड:
‘दांडी’ आवडली. अजून एक, फलकावर हिला ‘आकाशगंगा’ म्हणू नका. ते आपल्या दीर्घिकेचं नाव. तिलाही अशीच दांडी आहे, हे मुलांना सांगाच.

दादर:
‘दांडीची सर्पिल दीर्घिका’ असं मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक ‘दंडयुक्त’ लिहिते, म्हणजे पुढे पुस्तकात भेटला तर शब्द अनोळखी वाटणार नाही. मुंबईतून दिसेल का ही?

गिरगाव:
शहराच्या उजेडात नाही. वांगणीसारख्या अंधाऱ्या जागी दुर्बीण लावा. डिसेंबरच्या मध्यात रात्री साडेदहाच्या सुमारास ती बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून ३५ अंशांवर असते. त्याहून वर आपल्याकडे ती येतच नाही.